जिप्सी कुणापुढं बसली

बस

जिप्सी बसली.

एवढंच झालं होतं. पोलीस मैदानाच्या कडेला लिंबाच्या सावलीत काही माणसं एका ओळीत उभी केली होती. सिद्धनाथनं जिप्सीला ते फडकं हुंगवलं. ती ओळीवरून नाक चालवत गेली आणि एका माणसापुढं मागचे पाय दुमडून बसली. दोनदा भुंकली. शिकवलं होतं तसंच.

तो माणूस म्हणजे मडिवाळप्पा. नव्या पेठेत हातगाडी ओढायचा. ईश्वरप्पांच्या कापडदुकानाचा माल स्टेशनवरून दुकानात, दुकानातून गिऱ्हाइकांच्या दारात, असं त्याचं आयुष्य. त्या दुकानाच्या मागच्या खिडकीचे गज वाकवून कुणीतरी इरकली लुगड्यांचे गठ्ठे पळवले होते. जाताना डोक्याला गुंडाळायचं एक मळकं फडकं गजाला अडकून राहिलं होतं. फडकं कुणाचं ते कुणालाच माहीत नव्हतं. जिप्सी बसली आणि सगळ्यांना माहीत झालं.

"मी न्हवं," मडिवाळप्पा म्हणाला. फौजदारांना नाही, सिद्धनाथला नाही. कुत्रीला म्हणाला.

फौजदारांनी जिप्सीच्या डोक्यावर थाप मारली. सिद्धनाथनं खिशातून गुळाचा खडा काढून तिला दिला. दोन शिपाई मडिवाळप्पाला घेऊन गेले. त्याची एक वहाण सावलीत तशीच राहिली.

त्यानंतर सिद्धनाथला काही वाटेनासं झालं. वाईट वाटलं म्हणावं तर तेही नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय आहे पण आपला नाही, असं होतं ना, तसं.

मीठ

"आमटीत मीठ न्हवतं," केराबाई म्हणाली. सिद्धनाथची बायको. ताट उचलायला आली होती.

"बरं."

"बरं काय? मी इसरले व्हते. तुमी दोनदा वाढून घेतली की."

सिद्धनाथनं ताटाकडं पाहिलं. रिकामं होतं.

"बोलत न्हाय, चालत न्हाय. त्या कुत्रीसंगं तरी बोलता का न्हाय?"

"तिला बोलावं लागत न्हाय," सिद्धनाथ म्हणाला.

आधी

हे खरं होतं. जिप्सीला बोलावं लागत नव्हतं, आणि याचा सिद्धनाथला अभिमान होता.

तो धनगराचा. वेळापूरच्या पुढच्या माळावर त्याचा बाप, ज्ञानबा, मेंढरं घेऊन फिरायचा. दुष्काळात निम्मी मेंढरं गेली, आणि थोरला मुलगा, म्हणजे सिद्धनाथ, भरतीला उभा राहून पोलिसात शिरला. साहेबांनी विचारलं, कुत्रं सांभाळता येतं का? सिद्धनाथला हसू आलं होतं. मग पुण्याला शिकायला पाठवलं आणि परतताना जिप्सी हातात दिली. अल्सेशियन, काळ्या पाठीची, कान उभे.

पुण्यात शिकवायची रीत अशी. गाडगी ओळीनं मांडायची. एकात वासाचं फडकं. कुत्र्यानं बरोबर गाडग्यात नाक घातलं की म्हणायचं, बस. बसलं की खाऊ. तिथले वस्ताद एक गोष्ट रोज बजावायचे: कुत्र्यानं गाडग्याकडं बघितलं पाहिजे. तुमच्या तोंडाकडं बघून बसलं तर खाऊ द्यायचा नाही. काही झालं तरी नाही.

सिद्धनाथ मान हलवायचा. मनात म्हणायचा, या शहरातल्या माणसांना कुत्रं काय ठावं?

कारण माळावर उलटं असतं. माळावर जे कुत्रं धन्याकडं बघत नाही ते कुत्रंच नव्हे. लांडगा जवळ असला तर ओरडून चालत नाही. ज्ञानबा नुसती काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा आणि कुत्रं कळप वळवायचं. पुढं पुढं तर काठीही नको. म्हाताऱ्यानं मान वळवली, पुरे. "कुत्र्याला हाक मारावी लागली, तर मेंढरं लांडग्याची," असं तो म्हणायचा.

म्हणून सोलापुरात आल्यावर सिद्धनाथनं जिप्सीला आणखी हुशार केलं. स्वतःच्या हातानं. गाडगी तोच मांडायचा, फडकंही तोच ठेवायचा. जिप्सीनं बसायच्या आधी त्याच्याकडं एक नजर टाकली की एकाच्या जागी दोन खडे गूळ. पावसाळा सरेस्तोवर ती दर वेळी नजर टाकायला लागली. आणि चुकायची थांबली. एकदाही नाही.

"हिला काय पाजलंस रे?" शिवशरण विचारायचा. शिवशरण म्हणजे कुत्र्यांच्या खोल्यांची देखभाल करणारा जुना हवालदार, अक्कलकोटकडचा, पोट सुटलेला. "आमच्या वक्ताला कुत्री दहात चारदा चुकायची. हिचं म्हंजी देवाचं बोलणं झालं की."

"जित्राब शहाणं हाय."

"जित्राब न्हवं, मेव्हणी हाय तुजी. तुज्याकडं कशी बघती बघ!"

सिद्धनाथ तेव्हा हसला होता. तेव्हा हसायचा.

कुंपण

मडिवाळप्पाला नेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याची बायको कुंपणाशी येऊन बसायला लागली. निंगव्वा. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, पदर घट्ट खोचलेला. मिलचा भोंगा झाला की यायची, तारेच्या बाहेर बसायची आणि जिप्सीकडं बघायची. सिद्धनाथकडं नाही.

शिवशरणनं तिला एक-दोनदा हाकललं. ती उठायची आणि दहा पावलांवर परत बसायची.

एक दिवस सिद्धनाथ पाण्याची बादली घेऊन तारेजवळ आला तेव्हा ती बोलली.

"येप्पा, तुमचं नायी, ह्ये कुत्रं, कदी चुकत न्हाय म्हंत्यात. व्हय का?"

"न्हाय चुकत."

"मग परत दाखवा. आमच्या मालकाला उभं करा, नायीला आणा. एकदा देवानं चूक केली असंल. दोनदा करत न्हाय."

"तसं करता येत न्हाय बाई. साहेबांनी सांगावं लागतं."

"साहेब म्हंतो, नायीनं सांगितलंय. मी नायीला इचारायला आले तर तुमी म्हंता साहेबानं सांगावं लागतं." तिनं पदर पुन्हा खोचला. "त्येंचा हात मोडलाय. तुमाला म्हाईत हाय का? हितला." तिनं स्वतःचं डावं मनगट धरून दाखवलं. जसं बाजारात कुणाला बांगडीचं माप दाखवावं. "कबूल हो म्हंत्यात. लुगडी कुटं ठिवली सांग म्हंत्यात. त्येनी न्हेलीच न्हाईत तर कुटनं सांगत्याल?"

सिद्धनाथच्या हातात बादलीची कडी होती. ती बोटांत रुतलेली त्याला दिसत होती. रुतल्याचं कळत नव्हतं.

"पाणी पिता का?" त्यानं विचारलं.

"नायीला पाजा," निंगव्वा म्हणाली.

पुन्हा

परत दाखवा, ती म्हणाली होती. सिद्धनाथनं परत बघितलं. डोळे मिटून.

लिंबाची सावली. ओळ. जिप्सी नाक चालवत जाते. बसते.

पुन्हा. या वेळी दोरीकडून. दोरी त्याच्या डाव्या हातात सैल आहे. पहिला माणूस, सैल. दुसरा, सैल. तिसरा, सैल. मडिवाळप्पा.

दोरी सैल नाही.

पुन्हा. या वेळी सकाळपासून. सकाळी तो नव्या पेठेत पंचनाम्याला गेला होता. कोपऱ्यावर चहा घेतला. चहावाला कल्लप्पा ग्लास विसळता विसळता म्हणाला, "जमादार, ह्यात शोधायचं काय हाय? मागची खिडकी कुणाला ठावी? जो रोज तितनं माल चढवतो त्याला." बाकावरचे दोघं-तिघं म्हणाले, व्हय की. कुणीतरी नाव घेतलं. कुणीतरी बोट दाखवलं: तो बघा, हिरव्या गाडीवाला. सिद्धनाथनं बघितलं. काटकुळा, मान पुढं काढून चालणारा माणूस.

मग लिंबाची सावली. ओळ. पहिला, दुसरा, तिसरा.

आणि तो हिरव्या गाडीवाला. त्याच्यापाशी सिद्धनाथनं श्वास धरला होता.

जिप्सीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं होतं.

मग बसली.

गाडगी

"फडकं तुमी ठिवा," दुसऱ्या दिवशी सिद्धनाथ शिवशरणला म्हणाला. "मी भिताडाकडं त्वांड करून उभा ऱ्हातो."

"का रं? लपाछपी खेळायचं वय हाय का आपलं?"

"ठिवा की."

शिवशरणनं पोट सावरत, कण्हत-कुथत फडकं एका गाडग्यात टाकलं. सिद्धनाथनं जिप्सीला सोडलं. ती ओळीवरून गेली. परत आली. पुन्हा गेली. मग मध्येच थांबून सिद्धनाथकडं बघत राहिली. शेपूट हलेना. घशातून बारीक आवाज काढला.

सिद्धनाथलाही काही माहीत नव्हतं. तो नुसता उभा होता.

शेवटी कंटाळून त्यानं पाय बदलला. जिप्सी होती तिथंच, समोरच्या गाडग्यापुढं बसली. दोनदा भुंकली.

शिवशरणनं जाऊन आत हात घातला. रिकामं.

"चुकली! पयल्यांदा चुकली बघ. ऊन लागलं असंल."

"पुन्हा."

पुन्हा चुकली.

"पुन्हा."

"आरं माजी कंबार..."

"पुन्हा ठिवा, दादा."

या वेळी सिद्धनाथनं मनाशी एक गाडगं ठरवलं. कडेचं, ओठ फुटलेलं. फडकं त्यात आहे की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. नुसतं ठरवलं, हे. जिप्सी त्या गाडग्याजवळ येताच तिच्या कानांत काहीतरी हललं. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि टुणकन बसली. शेपूट धुळीवर आपटत होती. आता जमलं, अशी.

शिवशरणनं गाडगं उपडं केलं. माती पडली.

मग शिवशरण मोठ्यानं हसला. "आरं, ही तर मनातलं वळखती! फडकं गेलं उडत. सर्कशीत घाल हिला."

"व्हय," सिद्धनाथ म्हणाला.

अजून एक राहिलं होतं. त्यानं दोरी सोडली आणि स्वतः खोल्यांच्या मागं जाऊन उभा राहिला, दिसणार नाही असा. वाटलं, मी नसलो तर ती नाक वापरील.

तिनं वापरलं. गाडगी ओलांडून, खोल्यांना वळसा घालून, जमीन हुंगत ती सरळ त्याच्यापाशी आली.

साहेब

फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं. मधे पानाची पिंक टाकायला उठले, तेवढंच.

"म्हणजे कुत्री तुझ्याकडं बघून बसते."

"व्हय साहेब."

"आणि हे तुलाच कळलं. पुण्याच्या लोकांना नाही, मला नाही, कोर्टाला नाही."

"मीच शिकवलंय साहेब तसं. माळावर..."

"माळावरचं माळावर ठेव." ते खुर्चीत मागं रेलले. आवाज चढवला नाही. "सिद्धनाथ, ही आल्यापासून किती जणांपुढं बसली? ते सगळे आत आहेत. आज तू म्हणणार मडिवाळप्पाला सोडा. उद्या त्यांचे वकील येणार. मग काय करू? तुरुंगाचं दार उघडून उभा राहू?"

हा विचार सिद्धनाथच्या मनात आलाच नव्हता. आता आला, आणि येऊन नुसता बसून राहिला, पाहुण्यासारखा.

"बाजाराच्या दिवशी नव्या पेठेत सत्कार आहे," फौजदार म्हणाले. "ईश्वरप्पांनी ठेवलाय, व्यापाऱ्यांच्या वतीनं. तुझा नाही, तिचा. कपडे इस्त्री करून ये. तिलाही आंघोळ घाल."

पुढचं, आधीच

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे उगीच जीव टांगणीला नको.

मडिवाळप्पा सुटला. कुत्रीचा पुरावा काढून घेतल्यावर दुसरा पुरावा नव्हताच. मनगट वेडंवाकडं जुळलं. हिरवी गाडी आता निंगव्वा ओढते आणि तो मागून एका हातानं लोटतो. लुगडी कुणी नेली ते कधीच कळलं नाही. सिद्धनाथची बदली फाटकावरच्या पहाऱ्याला झाली. जिप्सीचं नाव पथकातून काढलं. ज्ञानबा येऊन तिला घेऊन गेला. असं कुत्रं सात पिढ्यांत बघितलं न्हाय, म्हणतो म्हातारा.

जिप्सी ज्यांच्यापुढं आधी बसली होती, ती माणसं आतच राहिली. त्यांच्यासाठी कुंपणाशी कुणी येऊन बसलं नाही. सिद्धनाथनं वर अर्ज केला होता. उत्तर आलं नाही.

आता सत्कार.

नवी पेठ

दुकानापुढं सतरंजी टाकली होती. ओट्यावर खुर्च्या. ईश्वरप्पा मधे, बाजूला फौजदार. नारळ, शाल, झेंडूचा हार. रस्त्यावर ही गर्दी. सायकलवाले एक पाय टेकून उभे, टांग्यातले लोक उभे राहून बघत होते, समोरच्या सराफाचे नोकर पायरीवर चढले होते.

ईश्वरप्पा बोलले. मुकं जनावर, पण इमानी. माणूस फसवेल, नाक फसवणार नाही. टाळ्या पडल्या. जिप्सीच्या गळ्यात हार घातला तेव्हा ती त्यातली फुलं खायला लागली. लोक हसले.

गर्दीच्या कडेला निंगव्वा उभी होती. सिद्धनाथला ती दिसली आणि त्यानं लगेच नजर काढून घेतली.

"आता दाखव, कशी पकडली," फौजदार म्हणाले. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून ते फडकंच आणवलं होतं. सगळ्यांना बघता यावं म्हणून. गर्दीतली काही माणसं ओढून ओळीत उभी केली. चहावाला कल्लप्पा आपणहून पुढं झाला. "मी मडिवाळप्पा व्हतो! मला धरा, पर चावू नका!" पुन्हा हशा.

सिद्धनाथनं जिप्सीला फडकं हुंगवलं. दोरी सोडली.

आणि ईश्वरप्पांकडं बघितलं.

जिप्सीनं एकदा वळून पाहिलं. मग ओळ सोडून ओट्यावर चढली, ईश्वरप्पांच्या खुर्चीपुढं बसली आणि दोनदा भुंकली.

कल्लप्पा ओरडला, "बरोबर हाय की! मालकाचाच माल, मालकाचाच वास!" लोक पोट धरून हसले. ईश्वरप्पाही हसले, धोतराचा सोगा आवरत.

"पुन्हा," सिद्धनाथ म्हणाला. परत हुंगवलं. फौजदारांकडं बघितलं.

जिप्सी फौजदारांपुढं बसली.

"फडकं साहेबांच्याच पेटीत व्हतं," कुणीतरी म्हणालं. हसणारे कमी झाले. फौजदार हळूच म्हणाले, "सिद्धनाथ, पुरे."

"पुन्हा."

जिप्सी कल्लप्पापुढं बसली. "मी खेळात हाय बाबा, खरंखुरं न्हाय," कल्लप्पा मागं सरकत म्हणाला, पण त्याचं हसू पातळ झालं होतं. मग ती सराफाच्या पायरीपाशी जाऊन बसली. मग हार आणणाऱ्या फुलवालीपुढं. मग टांग्याच्या घोड्यापुढं. दर वेळी दोनदा भुंकली. दर वेळी कुणीतरी कारण शोधलं. घोड्यापाशी कारणं संपली.

सायकलवाल्यांनी दुसरा पायही खाली टेकला.

सिद्धनाथ बोलला. ओरडला नाही. त्याचा आवाज त्याला लांबून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकू आला. "ती फडक्याच्या वासावर बसत न्हाय. मी जिकडं बघतो तिकडं बसती. मीच तिला तसं लावलंय. तवाबी मी मडिवाळप्पाकडं बघितलं. का, तर त्या दिशी च्या पिताना समद्यांनी त्येचंच नाव घेतलं व्हतं."

कल्लप्पानं मान खाली घातली.

फौजदार उठले होते. ईश्वरप्पांच्या हातात शाल तशीच होती, कुणाला द्यायची ते न कळलेली. सिद्धनाथला वाटलं, आता निंगव्वाकडं बघावं. एकदा. पण बघितलं असतं तर जिप्सी तिच्यापुढं जाऊन बसली असती. फौजदारांकडं बघवेना. लोकांकडं तर बघायचंच नव्हतं, एकाकडंही नाही. आभाळाकडं बघितलं तर डोळ्यांत ऊन.

म्हणून त्यानं खाली बघितलं, स्वतःच्या बुटांकडं. सकाळी केराबाईनं पॉलिश करून दिलेल्या.

झेंडूची फुलं सांडत जिप्सी सतरंजीवरून आली. त्याच्या बुटांपुढं मागचे पाय दुमडून बसली. दोनदा भुंकली. शेपूट हलत होती.

तिची काहीच चूक नव्हती. सिद्धनाथनं खिशात हात घातला. उन्हानं गूळ पाघळून कापडाला चिकटला होता. तो बोटानं खरवडून काढला आणि तिच्या तोंडापुढं धरला.